ब्रुकलिनमधील वायकॉफ घर आणि ते बांधणारा पीटर क्लासेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायकॉफ घर नेमके कोणते आणि ते कुठे आहे?

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, क्लॅरेन्डन रस्त्यावर, कनार्सी आणि ईस्ट फ्लॅटबुश या वस्त्यांच्या सीमेजवळ हे लाकडी शेतघर उभे आहे. न्यूयॉर्क शहरात आज टिकून असलेली ही सर्वांत जुनी इमारत मानली जाते. घराच्या सर्वांत जुन्या भागाचे वय साधारण १६५२ पासून मोजतात. म्हणजे राजगडावर स्वराज्याचा कारभार चालू होता, त्या काळातले हे घर आहे. भोवती एक लहानशी बाग आहे आणि बागेच्या कुंपणाबाहेर मोटारदुरुस्तीची दुकाने व वाहता रस्ता आहे. न्यूयॉर्कला राहणारे किंवा मुलांकडे गेलेले अनेक मराठी वाचक मॅनहॅटनमधल्या उंच इमारती पाहून परततात. त्याच शहरात डच शेतकऱ्याचे घर अजून उभे आहे, याची त्यांना कल्पना नसते. ही प्रश्नोत्तरे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिली आहेत.

हे घर बांधणारा पीटर क्लासेन कोण होता?

तो जमीनदार नव्हता, व्यापारी नव्हता आणि तेव्हाची इथली डच वसाहत चालवणाऱ्या वेस्ट इंडिया कंपनीचा अधिकारीही नव्हता. या घराचा इतिहास सांगताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, कारण घराला आज जे भारदस्त आडनाव चिकटले आहे, ते त्याच्यापाशी अमेरिकेत उतरताना नव्हते.

‘रेन्सेलार्सवायक’ नावाचे जहाज ऑक्टोबर १६३६ मध्ये नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटाजवळून निघाले. वादळांनी ते इंग्लंडच्या किनाऱ्याकडे ढकलले आणि मार्च १६३७ मध्ये मॅनहॅटनला पोहोचले. त्या जहाजावर पीटर हा मिसरूडही न फुटलेला मुलगा होता. तो मूळचा उत्तर जर्मनीतल्या, डच सीमेलगतच्या ईस्ट फ्रिसिया भागातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अ‍ॅम्स्टरडॅमचा जडजवाहिऱ्यांचा व्यापारी किलियान व्हान रेन्सेलार याने हडसन नदीकाठी, आजच्या ऑल्बनीजवळ, मोठा मुलूख मिळवला होता. डच वेस्ट इंडिया कंपनीने १६२९ मध्ये सवलत जाहीर केली होती की, जो कोणी ४ वर्षांत ५० प्रौढ माणसे नेऊन वसवील त्याला जमीन आणि जवळपास जहागीरदारासारखे अधिकार मिळतील. व्हान रेन्सेलारने स्वतः कधी अमेरिकेत पाय ठेवला नाही. त्याने माणसे पाठवली, आणि पीटर त्यांपैकी एक होता.

सहा वर्षांचा करार होता. पहिली ३ वर्षे सालाला ५० गिल्डर आणि पुढची ३ वर्षे ७५ गिल्डर. आपल्याकडचा सालगडी ज्याला माहीत आहे त्याला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको: मालकाच्या शेतावर राबायचे, मुदत पुरी होईपर्यंत सोडून जायचे नाही, वर्षाचा ठरलेला पैसा घ्यायचा. पीटरने ही वर्षे सिमॉन वॉलिक्स नावाच्या शेतकऱ्याकडे काढली.

करार संपल्यावर तो ब्रुकलिनला कसा आला?

मुदत संपल्यावर त्याने आधी उत्तरेकडेच स्वतंत्र शेती करून पाहिली. १६४५ च्या सुमारास ग्रीट्ये व्हान नेस हिच्याशी त्याचे लग्न झाले. तिचे घराणे वसाहतीत बऱ्यापैकी वजन राखून होते. पुढे ते दांपत्य दक्षिणेला, लाँग आयलंडच्या पश्चिम टोकावरील, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमधील, न्यू आमर्सफोर्ट या गावी आले. नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट शहरावरून ठेवलेले हे नाव इंग्रजांच्या काळात मागे पडले आणि गाव फ्लॅटलँड्स म्हणून ओळखले जाऊ लागले. तो प्रदेश खरोखरच सपाट होता. झाडी तोडण्याचे कष्ट फारसे न करता नांगर घालता येईल अशी मोकळी माळजमीन तिथे होती, आणि जवळच खाऱ्या पाण्याची दलदल होती. त्या दलदलीत आपोआप वाढणारे खारे गवत गुरांना चाऱ्यासाठी उपयोगी पडे. नव्या मुलखात हिवाळा काढायचा तर माणसाच्या धान्याइतकीच गुरांच्या वैरणीची चिंता असते, म्हणून ही दलदल त्या शेतकऱ्यांना ओसाड वाटत नव्हती.

१६५५ मध्ये वसाहतीचा गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याची या भागातली शेती आणि गुरे सांभाळण्याचा करार पीटर क्लासेनच्या नावे झाला. आपल्या शब्दांत सांगायचे तर सालगड्याचा कारभारी झाला. पुढे तो गावाच्या न्यायमंडळावर अनेकदा निवडला गेला आणि गावच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या उभारणीतही त्याचा हात होता. १६९४ मध्ये तो वारला. त्याला त्याच चर्चखाली पुरले, असे परंपरेने सांगितले जाते.

ती जमीन आधी कोणाची होती?

इथले मूळ रहिवासी असलेल्या लेनापे लोकांची. त्यांच्या ज्या शाखेची वस्ती या किनाऱ्यावर होती तिच्यावरूनच शेजारच्या भागाला कनार्सी हे नाव पडले. १६३६ मध्ये कंपनीचा तत्कालीन संचालक वाउटर व्हान ट्विलर आणि त्याच्या काही साथीदारांनी इथल्या सपाट जमिनी लेनापे लोकांकडून ‘विकत’ घेतल्या. हा शब्द अवतरणचिन्हांत टाकावा लागतो. जमिनीचा वापर करू देणे आणि जमीन कायमची देऊन टाकणे यांत लेनापे लोक जो फरक करीत, तो डच कागदांत उतरला नाही. डचांच्या समजुतीत खरेदीखत म्हणजे जमीन आपली झाली; लेनापेंच्या समजुतीत शेजाऱ्याला नांगरायला, चरायला परवानगी मिळाली. पुढे हा गैरसमज उरला नाही, कारण दरम्यान रोगराई, लढाया आणि वाढती वसाहत यांनी लेनापे लोक या किनाऱ्यावरून जवळजवळ हुसकावले गेले होते.

व्हान ट्विलरची खरेदीही निर्वेध टिकली नाही. अधिकाऱ्यांनी इतक्या मोठ्या जमिनी बळकावून पडीक ठेवल्याबद्दल तक्रारी झाल्या आणि १६५२ मध्ये हे हक्क रद्द ठरवले गेले. स्टायव्हेसंटच्या करारामागची पार्श्वभूमी अशी आहे. त्यामुळे ‘पीटर क्लासेनने ओसाड रानात पहिला खांब रोवला’ अशी जी कथा आपल्या मनात सहज उभी राहते, ती खरी नाही. त्याच्याआधी तिथे राबलेले, राहिलेले आणि कागदोपत्री मालक झालेले असे तीन थर होते.

घर १६५२ चेच, हे कशावरून? कुठे कुठे १६३७ किंवा १६४१ असेही वाचायला मिळते.

जुन्या लिखाणात ही वर्षे आढळतात, हे खरे आहे. १६३७ हे पीटरच्या आगमनाचे वर्ष आहे. त्या वर्षी तो ऑल्बनीजवळ चाकरीला बांधलेला होता, तेव्हा त्याने दीडशे मैलांवर घर बांधणे शक्यच नव्हते. १६४१ हे वर्षही त्याच्या कराराच्या मुदतीत पडते. तेव्हाची एखादी झोपडी त्या जागी असेल तर ती दुसऱ्याची असणार. साधारण १६५२ हा आज मानला जाणारा काळ कागदांच्या आणि त्याच्या हालचालींच्या अनुमानावर बेतलेला आहे, म्हणून त्याआधी ‘साधारण’ हा शब्द कायम ठेवावा. घराचे वय दहा-पंधरा वर्षांनी मागे ओढले की त्याची थोरवी वाढते, असे वाटण्याचे काही कारण नाही. करार पुरा करून, संसार थाटून, दुसऱ्याची गुरे राखत असताना एका माणसाने एका खोलीचे घर उभे केले, हा क्रम त्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

मूळ घर कसे होते?

एक खोली. जमीन चोपून घट्ट केलेली मातीची, खिडक्यांना काच नाही, दोन टोकांना दारे आणि उघडी मोठी शेगडी. वरच्या माळ्यावर धान्य, आणि बहुधा काही माणसांच्या झोपण्याची सोय. आपल्याकडे सारवलेल्या जमिनीच्या घरात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक हवेचा, कारण इथे बर्फ पडते.

बांधणीची रीत मात्र समजून घेण्यासारखी आहे. इंग्रज सुतार घराचा सांगाडा पेटीसारखा रचीत. डच सुतार दोन खांब आणि त्यांना वरून नव्हे, तर मध्येच थोड्या उंचीवर जोडणारी जाड तुळई असा रोमन लिपीतल्या ‘एच’ अक्षराच्या आकाराचा चौकटा जमिनीवर आडवा जुळवीत. तुळईचे टोक खांबात पाडलेल्या भोकातून आरपार घालून लाकडी खुंट्यांनी पक्के केले जाई. असे चार-सहा चौकटे तयार झाले की शेजारपाजारच्या माणसांच्या मदतीने एकापाठोपाठ एक उभे करायचे आणि आडव्या लाकडांनी बांधून टाकायचे. घराची लांबी वाढवायची असेल तर आणखी एक चौकटा जोडायचा. तुळया खोलीच्या छतावर उघड्या दिसतात, आणि तुळईच्या वर खांब पुढे गेल्यामुळे माळ्याला उभे राहण्यापुरती उंची मिळते. वायकॉफ घरात हा सांगाडा आजही पाहता येतो. बाहेरून भिंतींवर लाकडी पट्ट्या एकावर एक खवल्यांसारख्या ठोकलेल्या आहेत.

छपराचा उतार खाली येताना अलगद बाहेर वळतो आणि भिंतीपासून बराच पुढे झुकतो. त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि वळचणीला कोरडी जागा मिळते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या डच शेतघरांची ही ओळखीची खूण आहे. दाराची मधोमध आडवी विभागणी ही आणखी एक खूण: वरचा भाग उघडा ठेवला की उजेड आणि वारा आत येतो, खालचा बंद ठेवला की डुकरे-कोंबड्या बाहेर राहतात आणि रांगते मूल आत राहते.

आज दिसते ते सगळेच १६५२ चे आहे का?

नाही, आणि तसे समजून गेल्यास निराशा होईल. सर्वांत जुना भाग हा घराचा ठेंगणा, लहान भाग आहे. अठराव्या शतकात, १७४० च्या सुमारास, घराला मोठा भाग जोडला गेला आणि १८२० च्या सुमारास आणखी बदल झाले. त्यात चुलींच्या लाकडी महिरपी, दारे-खिडक्या त्या काळच्या आवडीप्रमाणे बदलल्या. विसाव्या शतकातल्या आगीनंतर आणि डागडुजीत काही लाकूड नवे घातले गेले. वापरातले घर असेच वाढते. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराला मागची पडवी, पुढची ओटी कोणत्या पिढीने जोडली हे घरातली वृद्ध माणसे सांगू शकतात, तसेच.

‘वायकॉफ’ हे आडनाव कुठून आले?

पीटर क्लासेन म्हणजे क्लासचा मुलगा पीटर. डच रीतीत बापाचे नाव हीच ओळख होती, आणि ती पिढीगणिक बदलत असे. पीटरच्या थोरल्या मुलाचे नाव आजोबांवरून क्लास ठेवले गेले, तो झाला क्लास पीटरसेन; त्याचा मुलगा पुन्हा क्लासेन होणार. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव अशी तिपेडी ओळख लावणाऱ्या मराठी माणसाला यातले दोन पेड ओळखीचे वाटतील. तिसरा पेड तिथे नव्हता.

१६६४ मध्ये स्टायव्हेसंटने न लढता वसाहत इंग्रजांच्या हवाली केली. इंग्रजी कारभाराला करासाठी, वारसासाठी, शपथेसाठी पक्के आडनाव हवे होते. १६८७ मध्ये इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणाऱ्या किंग्ज काउंटीच्या, म्हणजे आजच्या ब्रुकलिनच्या, रहिवाशांची जी यादी झाली, तिच्यात पीटर वायकॉफ या नावासह येतो. त्या यादीत प्रत्येकापुढे तो इथलाच जन्मलेला आहे की बाहेरून येऊन किती वर्षे झाली, हे लिहिले आहे. पीटरपुढे ५१ वर्षे असा आकडा आहे. १६८७ मधून ५१ वजा केले की १६३६ उरते, म्हणजे टेक्सेलहून जहाज निघाले ते वर्ष. पन्नास वर्षांनंतरही तो आपला काळ किनारा सोडल्या दिवसापासून मोजत होता. संपूर्ण कागदपत्रांत त्याच्या मनाच्या सर्वांत जवळ नेणारा मला हा आकडा वाटतो.

आडनावाच्या अर्थाबद्दल दोन मते आहेत. एक म्हणजे ‘वायक’ म्हणजे वस्ती आणि ‘हॉफ’ म्हणजे वाडा किंवा न्यायसभा; गावच्या न्यायमंडळावर बसणाऱ्याने ते आपल्या कामावरून घेतले. दुसरे म्हणजे ईस्ट फ्रिसियात त्या नावाची शेतवाडी होती आणि त्याने मूळ गावची आठवण उचलली. आपल्याकडे कुलकर्णी-देशपांडे हे कामावरून पडते आणि पुणेकर-चिपळूणकर हे गावावरून. तशाच या दोन वाटा आहेत. मला दुसरे मत अधिक पटते.

या शेतावर कोण राबत होते?

पीटर आणि ग्रीट्ये यांना ११ मुले झाली असे मानले जाते, आणि सुरुवातीला शेतावरचे बरेच काम घरच्याच हातांनी होत असणार. गहू, अंबाडीसारखे धागा देणारे जवसाचे पीक, गुरे, लोणी असा तो संसार होता. ग्रीट्येच्या वाट्याला दूधदुभते, कातणे, बाळंतपणे आणि आजारपणे हे सगळे आले. घराच्या पाटीवर तिचे नाव नाही, पण एका खोलीचे घर त्या काळात चालवले ते तिने.

यापुढचे उत्तर सांगायला जड आहे, तरी ते सांगितलेच पाहिजे. पुढच्या पिढ्यांतल्या वायकॉफ कुटुंबीयांनी, त्यांच्या बहुतेक डच शेजाऱ्यांप्रमाणेच, आफ्रिकन वंशाच्या माणसांना गुलाम म्हणून ठेवले. गुलामगिरी ही अमेरिकेच्या दक्षिणेकडची गोष्ट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण १७९० च्या जनगणनेत किंग्ज काउंटीची लोकसंख्या ४,४९५ होती आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गुलाम होता. उत्तरेत इतके दाट प्रमाण इतरत्र क्वचितच होते, आणि त्याचे कारण ही डच शेते हेच होते. शेजारच्या शहराला धान्य आणि भाजी पुरवून संपन्न होणाऱ्या शेतकऱ्याला स्वस्त मजुरी हवी होती, म्हणून या काउंटीतले जमीनदार गुलामगिरी सोडायला शेवटपर्यंत नाखूश राहिले. न्यूयॉर्क राज्याने १७९९ मध्ये कायदा केला तोही टप्प्याटप्प्याचा होता: त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेली मुले कागदावर स्वतंत्र, पण तरुण वयापर्यंत आईच्या मालकाकडे बांधलेली. गुलामगिरी पूर्णपणे संपली ती ४ जुलै १८२७ रोजी.

याचा अर्थ, १७४० आणि १८२० च्या सुमारास घर मोठे झाले त्या दोन्ही वेळी या मुलखात गुलामगिरी कायदेशीर होती. ‘हे घर कोणी बांधले’ या प्रश्नाला पीटर क्लासेन हे उत्तर पहिल्या खोलीपुरतेच पुरे पडते. पुढच्या खोल्यांचा पैसा ज्या शेतातून आला, त्या शेतात राबणाऱ्या अनेकांची नावे मालकांच्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुरांच्या आणि भांड्यांच्या शेजारी लिहिली गेली, तीही आडनावाशिवाय. कंत्राटी नोकर म्हणून आडनावाविना आलेल्या माणसाच्या वंशजांनी इतरांना तसेच ठेवावे, ही या घराच्या इतिहासातली सर्वांत दुखरी गोष्ट आहे. तिथल्या संग्रहालयाने आता हा भाग झाकून न ठेवता सांगायला सुरुवात केली आहे, हे योग्यच झाले.

शेती केव्हा थांबली?

एकोणिसाव्या शतकात गव्हाऐवजी शहराच्या बाजारासाठी भाजीपाला पिकवणे फायद्याचे झाले आणि ब्रुकलिन दीर्घकाळ भाजीपाल्याचा मळा राहिला. १८९६ मध्ये फ्लॅटलँड्स ब्रुकलिन शहरात आणि १८९८ मध्ये ब्रुकलिन न्यूयॉर्क शहरात विलीन झाले. जमिनीला प्लॉटचा भाव आला. १९०१ मध्ये हे घर वायकॉफ कुटुंबाच्या हातून गेले. त्याच जागी सुमारे अडीचशे वर्षे एकच घराणे राहिले होते.

मग ते पाडले कसे गेले नाही?

थोडक्यात बचावले. भोवती रस्ते आखले गेले, आणि घर मोडकळीला आले. १९३७ मध्ये, म्हणजे पीटरच्या आगमनाला ३०० वर्षे झाली त्या वर्षी, त्याच्या वंशजांनी संघटना स्थापन केली. तिच्या पुढाकारातून १९६१ मध्ये घर विकत घेतले गेले. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये एक निर्णायक गोष्ट घडली: पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ पासून पाडली जाऊ लागली आणि नागरिक हळहळले. त्या संतापातून १९६५ मध्ये शहराचा वारसावास्तू-संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली १४ ऑक्टोबर १९६५ रोजी पहिल्या वास्तू जाहीर झाल्या आणि यादीत पहिल्या क्रमांकावर हे शेतघर होते. भव्य दगडी स्टेशन वाचवता आले नाही म्हणून जागे झालेल्या शहराने पहिली नोंद मातीच्या जमिनीच्या घराची केली, हे मला फार मोलाचे वाटते. १९६७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, १९६९ मध्ये वंशजांनी ते शहराला दान केले, आणि मधल्या काळातल्या आगीची झळ सोसून १९८२ मध्ये त्याची डागडुजी पुरी झाली.

डचांच्या वेंगुर्ल्याच्या वखारीशी याचा काही संबंध आहे का?

थेट संबंध नाही. वेंगुर्ल्याची वखार ईस्ट इंडिया कंपनीची, म्हणजे १६०२ च्या डच कंपनीची. न्यूयॉर्कची वसाहत १६२१ च्या वेस्ट इंडिया कंपनीची. पण दोन्ही एकाच शतकातल्या आहेत. वेंगुर्ल्याला डचांनी व्यापारासाठी चिरेबंदी वखार उभारली, ती आज पडक्या भिंतींच्या रूपात आहे. कोकणात त्यांना माल हवा होता, लाँग आयलंडवर त्यांना माणसे वसवायची होती. हेतूंमधला हा फरक दोन्ही ठिकाणच्या बांधकामांत उतरलेला आहे.

आज तिथे गेल्यास काय पाहता येते?

घर शहराच्या उद्यान विभागाच्या मालकीचे असून संग्रहालय म्हणून चालवले जाते. आतले भाग मार्गदर्शकासह दाखवतात. जाण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात, कारण ते रोज सर्व वेळ खुले नसते. खोलीत गेल्यावर आधी वर पाहावे, म्हणजे तुळयांची रचना कळते. मग ठेंगण्या भागातून उंच भागात जाताना छताची उंची कुठे बदलते ते पाहावे, म्हणजे दोन शतकांची सीमा पायाखाली येते. भोवतीच्या जमिनीच्या तुकड्यावर पुन्हा शेती केली जाते. आसपासची वस्ती मोठ्या प्रमाणावर कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांची आहे, आणि त्यांच्या ओळखीच्या भाज्या तिथल्या वाफ्यांत लावल्या जातात. जमैकाचे लोक ज्या पालेभाजीला कलालू म्हणतात ती आपल्या माठाच्या कुळातली. उन्हाळ्यात गेलात तर पाने पाहून ओळखू येतील.